तिसरा मोकळा पाय

लग्न होऊन नागपूरहून अमेरिकेत आले, एकतिसाव्या वर्षी इथल्या आर्मीत भरती झाले आणि पहिली पोस्टिंग मिळाली दक्षिणेतल्या एका सिग्नल, म्हणजे संदेशवहनाच्या, शाळेत. प्रायव्हेट कांबळे. बराकीत सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत शहाणी. दुसरी गोष्ट फक्त मलाच माहीत होती.

पहाटे साडेपाचला फॉर्मेशनची हजेरी, आठला लॅब. विषय डिजिटल लॉजिक. व्होल्टेज आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. पहिल्या परीक्षेत मी नापास झाले होते. पुन्हा नापास म्हणजे कोर्समधून बाहेर.

दुसऱ्या परीक्षेचं सर्किट सोपं होतं. दोन दारं म्हणून दोन स्विच, कुठलंही दार उघडलं की दिवा लागला पाहिजे. त्यासाठी ऑर गेटची चिप, एका जरी इनपुटला एक मिळाला की दिवा लावणारी. माझ्या चिपला इनपुटचे पाय मात्र तीन होते. तिसरा पाय मी मोकळा सोडला. काही जोडलंच नाही म्हणजे शून्यच की, असं माझं शहाणपण.

गुरुवारी सरावात दारं बंद असताना दिवा लागला. शेजारी डोनेली वाकून बघत होती. माझी बंकमेट, ओहायोची, वीस वर्षांची. ती सरकली, दिवा विझला. आली, लागला. ही मला नापास करायला बघतेय, अशी माझी खात्री झाली आणि मी वहीत वेळा टिपल्या. ९.१०, ९.२५, ९.४०. दुपारी जेवताना तिने मिठाची पुडी पुढे केली, तर मी ती आधी हुंगून पाहिली.

शुक्रवारी ०८०० ला लॅबमध्ये ती वही मी सर्किटशेजारी, शिकवणाऱ्या सार्जंट होल्टसमोर ठेवली. त्याने शांतपणे वाचली.

“डोनेली, खोलीच्या दारापाशी जा.”

ती गेली. दिवा विझला. मी हनुवटी वर केली.

“कांबळे, आता तुझा हात चिपजवळ ने.”

नेला. दिवा लागला.

“मावशी, आता स्वतःचीही तक्रार लिही,” डोनेली दारातून म्हणाली. ‘मावशी’ हा शब्द मीच तिला शिकवला होता. मग येऊन तिने काळ्या तारेचा तुकडा हातात दिला. मोकळा पाय हवेतलं काहीही पकडतो, त्याला ग्राउंडला, म्हणजे शून्याला, जोड, एवढंच सांगितलं.

मी पास झाले. सॉरी सोमवारी म्हणू, असं ठरवलं. असे सोमवार वर्षभर आले.

पुढे परदेशात मोहिमेवर तिचा ट्रक ताफ्यात शेवटचा, सहावा होता. दुपारी १४२० ला तळावर रेडिओवर मीच होते.

“सहा, रिपोर्ट. ओव्हर.”

तीनदा म्हणाले. उत्तर आलं नाही.

इतक्या वर्षांनी, परवा नेपरव्हिलच्या घरी नात ईशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉलेजचं सर्किट जोडत होती. तिसरा पाय मोकळा.

“आजी, इट्स नथिंग. काही कनेक्टच नाहीये.”

मी शिवणाच्या डब्यातून काळी तार काढून दिली. “ही लाव. डोनेलीची आहे.”

“हू इज डोनेली?”

मी खुर्ची ओढली आणि तिला सगळं सांगितलं. ९.१०, ९.२५, ९.४०.