केळ्यांनी संपवलेली हवा

चाळीसगावजवळ माझ्या काकांची, आबांची, केळी पिकवायची खोली आहे. खिडकी नाही, दार रबरी पट्टीनं घट्ट बसणारं. घड भरले की दिवसभर ते उघडायचं नाही. उघडल्यावरही आबा लगेच आत शिरत नसत. लांब बांबूच्या टोकाला पेटती पणती बांधून जमिनीलगत आत सरकवायचे. ज्योत टिकली तरच पाऊल.

"ह्या बठ्ठा घड जित्ता शेतस, भाऊ," ते म्हणायचे. "श्वास घेतस."

ते खरंच होतं, सगळे घड जिवंतच असतात. कच्च्या केळ्यातला स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. पिकताना ती तुटते. सुटलेली साखर केळ्याच्या पेशी प्राणवायू घेऊन जाळतात, ज्योतीविना, धुराविना. उरते ऊब, आणि आपण उच्छ्वासात सोडतो तो जड वायू.

हे मला पाठ होतं. म्हणूनच शहाणपणाच्या तोऱ्यात आबांच्या पणतीला हसायचो.

त्या दिवशी लाइट गेलेली, हवा खेचणारा पंखा बंद. आबांनी दार उघडलं आणि पणतीत घालायला तेल आणायला गेले. मी मोबाइलचा टॉर्च लावला. असा उजेड, की धुळ्यातून दिसावा!

"आबा, हा बघा माझा दिवा! विझतच नाही!" ओरडलो आणि घुसलो.

आत गोठ्यासारखी ऊब. माणूस कुणी नाही, पण खोली रिकामी वाटेना. खाली पडलेली केळ्यांची फणी उचलायला वाकलो आणि डोक्यात घण बसला. तिथंच आडवा झालो. सकाळी अर्धा किलो जिलेबी हाणली होती (बायको एक किलो सांगते). अंगात साखर हवी तेवढी, पण ती जाळायला हवा नव्हती. फोन हातातून सुटला. टॉर्च तसाच लख्ख.

मग जमिनीवरून पणती आली. माझ्यापर्यंत पोचायच्या आतच निळी पडली, विझली.

"मी मझार येवाव नही!" दारातून आबा किंचाळले. आत येणार नव्हते. आले असते तर दोघंही गेलो असतो. "बांबू धर, गाढवा! धर!"

धरला. आबा चाळीस किलोचे, मी रेडा. तरी असं खेचलं, की माझ्या शर्टाची बटणं दोंडाईच्याला पडली असतील.

मी अंगणात ओकत होतो. दार सताड उघडं ठेवून आबांनी पणती पुन्हा सरकवली. विझली. पुन्हा पेटवली. विझली.

आत टॉर्च जळतच होता. त्या उजेडात घड हिरवे-पिवळे दिसत होते, गप्प. मग फोन वाजायला लागला. बायकोचा असणार, जेवायला कधी येता म्हणून. वाजत राहिला. आणायला कुणी हललं नाही.