कार्डाच्या उधारीची वाटणी

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या हुशारीची गोष्ट आहे, चहा निवायच्या आत सांगतो.

नव्वदीची अखेर. मी बारामतीत कंपनीत, बायको सुनंदा इंदापूरला नर्स. बँकेनं मला क्रेडिट कार्ड दिलं, तिला त्याचं जोडीचं. फ्रिज आला, रंगीत टीव्ही आला, उधारी साचली. पुढं आमचं पटेना. रीतसर काडीमोड झाला.

सामानाच्या वाटणीला कळंबचे तात्या, माझे चुलते, पंच म्हणून बसले. आमच्याकडं रीत अशी, की एकानं वाटे पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा. वाटे मी पाडले. एकीकडं स्कूटर. दुसरीकडं फ्रिज, टीव्ही आणि त्यांच्यासोबत कार्डाची सगळी उधारी. फ्रिजला भुलून ती उधारीही उचलणार, ही माझी अक्कल! सुनंदानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं, तोच वाटा उचलला आणि आपलं कार्ड तिथंच कात्रीनं कापून टाकलं.

मी खूश! बँकेचं बिल माझ्या पत्त्यावर यायचं. उधारी तिची, मग मी कशाला फोडू? पाकीट न उघडता इंदापूरला धाडायचो. माझं कार्ड मात्र जोरात. गॉगल घेतला, बूट घेतले, डाळजला मुलगी बघायला जायचं म्हणून सूट घेतला. माझं वेगळं बिल काही येईना. म्हटलं, बँक विसरली असेल, आपण कशाला आठवण करून द्यायची?

आणि एक दिवस बँकेचा माणूस दारात. उधारी थकली म्हणे! माझं डोकंच फिरलं. ही बाई अजून उधळते आणि नाव माझं खराब? भारदस्त दिसावं म्हणून सूट चढवला, तात्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट इंदापूर गाठलं.

सुनंदानं आधी पाणी दिलं, मग चहा. माझं ओरडणं संपल्यावर तात्यांना शांतपणे म्हणाली, "माझ्या वाट्याचं समदं गेल्या महिन्यात फिटलं, तात्या. खातं एकच हाय. मला वाटलं, ह्यांचं हे भरत असतील. आता राहिलंय ते गॉगलचं, बुटाचं आन् अंगावरच्या ह्या सुटाचं."

तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी गॉगल काढून खिशात घातला. रात्रपाळ्या करून तिनं ती उधारी फेडली होती, कुणाकडं एका अक्षरानं तक्रार न करता. खरं सांगतो, लाज वाटली, आणि तिचा अभिमानही वाटला. तो वाटायचा हक्क मात्र गेला होता.

डाळजच्या मंडळींनी माझी चौकशी केली, तीही नेमकी सुनंदाकडं. ती म्हणाली, "माणूस वाईट न्हाय. कार्ड तेवढं पोरीच्या हातात ऱ्हाऊ द्या."

तिच्या शब्दावर माझं दुसरं लग्न जमलं. माझ्या शब्दावर बँक आठवडाभरसुद्धा थांबायला तयार नव्हती!