हवेचं मशीन

"कूलर कुठं ठेवलाय?" मी विचारलं.

"कूलर नाय आपल्याकडं," रामेश्वर म्हणाले.

हर्सूलमधलं त्यांचं घर. गच्चीवर सोलर पॅनल बसवून झाली होती, जिन्याखाली बॅटरी ठेवली होती. फक्त चालू करायचं बाकी होतं. रामेश्वरनी ऑफिसात फोनवर सांगितलं होतं: चार दिवे, दोन पंखे आणि एक हवेचं मशीन. उन्हाळ्याचे दिवस. आमच्या बॉसनी हवेचं मशीन म्हणजे कूलर धरला आणि हिशेब करून मोकळे झाले. कूलर लागतो दुपारी, तेव्हा ऊन असतंच. लहान बॅटरी पुरते.

"मग हवेचं मशीन कोणतं?"

"हे काय, अण्णांचं."

आतल्या खोलीत त्यांचे वडील उशीला टेकून बसले होते. नाकात नळी. बाजूला ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं.

"मागं लाईट गेली तं सिलिंडर येईपर्यंत ओठ निळे पडले व्हते. म्हणून तं सोलर घेतलं."

मशीनमागचं लेबल वाचलं: साडेतीनशे वॅट. वॅट म्हणजे उपकरणाची भूक. तिला तासांनी गुणलं की किती वीज साठवायची ते कळतं. कूलर बंद पडला तर माणूस घामाघूम होतो, एवढंच. हे मशीन रात्रंदिवस चालणार. आमची बॅटरी दोन-तीन तासांत उतरली असती, आणि घरचे तिच्या भरवशावर निवांत झोपले असते.

बॉसना फोन लावला.

"आहे ते चालू करून दे. मोठी बॅटरी पुढच्या आठवड्यात बघू."

"मी चालू करणार नाही, सर."

"अरे, गिऱ्हाईक थांबलंय!"

"त्याचे वडील नळीवर आहेत."

मग ते म्हणाले, "गोडाऊनला सांगतो."

संध्याकाळी रात्रभर पुरेल एवढी बॅटरी आली. दुसऱ्या दिवशी पॅनल वाढवली. मशीनची वायर वेगळी ओढली, म्हणजे त्या बॅटरीवर कुणी मिक्सर, इस्त्री लावणार नाही.

"सिलिंडर तरीही भरलेला ठेवायचा," मी बजावलं. "बॅटरीचाही काही नेम नसतो."

"व्हय साहेब."

दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला गेलो. आतली खोली रिकामी होती.

"अण्णा गेले," रामेश्वर म्हणाले. "पण लाईट गेली म्हणून नाय."

अण्णांच्या पलंगाजवळचं सॉकेट तसंच मोकळं होतं. "इथं फ्रीज लावा की," मी म्हणालो.

"लावू, साहेब. अजून मन होईना."

गच्चीवर जाऊन पॅनल पुसली आणि खाली उतरलो.

हल्ली सर्व्हेला गेलो की उपकरणाचं नाव मागाहून विचारतो. आधी विचारतो, ते बंद पडलं तर घरात काय होईल?