माझ्या चार्टातलं ‘किंवा’

दीड महिन्यात वैशालीताईंच्या नवऱ्याचं वजन तीन किलोंनी वाढलं होतं. धाकट्या मुलाचा डबा रोज अर्धा परत येत होता. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्या दहावीतल्या मुलीचं हिमोग्लोबिन होतं तिथंच होतं. नऊवर.

“मॅडम,” अकोल्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. “तुमच्या चार्टचा गुण आला बरं का. फक्त चुकीच्या माणसाला आला.”

मी आहारतज्ज्ञ आहे. क्लिनिक अमरावतीत, राजापेठेत. एक शनिवार आड अकोल्याला या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ एवढंच. ते सोपं असतं. अवघड असतं ते एका घरातली चार माणसं, त्यांच्या चार वेळा आणि एक गॅस यांचं जमवणं.

वैशालीताई पहिल्यांदा आल्या तेव्हा शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. त्या मूर्तिजापूरला बँकेत. सकाळी आठच्या आधी घर सोडायचं, संध्याकाळी सातला परत. नवरा प्रशांतराव अकोल्यातच सरकारी ऑफिसात. धाकटा ओम सहावीत, त्याची शाळा सकाळची. थोरली सानिका, तिची सकाळी सहाला ट्युशन, साडेअकराला शाळा आणि पाचला खो-खोचा सराव. अशा एका सरावातच ती चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर नऊ. या वयात बाराच्या आसपास हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणाचं बघायला माझ्याकडे पाठवलं.

“खेळाच्या सरांनी तिले टीममधून काढलं,” वैशालीताई म्हणाल्या. “म्हणे, अकराच्या वर गेल्याशिवाय मैदानात पाय नाई ठेवायचा. दिवाळीच्या आधी जिल्ह्याच्या मॅचेस आहेत, मॅडम. शाळेतलं शेवटचं वर्ष तिचं. पोरगी माझ्याशी बोलत नाई.”

मी मन लावून चार्ट केला. वर्षभराचा, ऋतू धरून. परीक्षेचे आठवडे वेगळे, सणांचे वेगळे. सकाळी पोहे किंवा उपमा किंवा थालीपीठ. डब्यात पोळी किंवा भाकरी, सोबत पालेभाजी किंवा मोड आलेली मटकी. चार वाजता गुळाचा लाडू किंवा फुटाणे. रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेट करून दिली. खरं सांगायचं तर माझी मीच खूश होते. दोन मैत्रिणींना फोटोसुद्धा पाठवला.

आणि दीड महिन्यानं हा रिपोर्ट.

मी वैशालीताईंना आत बोलावलं. आमच्यात एक पद्धत असते, चोवीस तासांची आठवण. काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते माणसानं सांगायचं. पाणी, चहा, चाखलेली भाजी, सगळं. वैशालीताईंनी घडाघडा सांगितलं. मी ऐकत होते आणि मला जाणवलं, की बाई माझाच चार्ट पाठ म्हणून दाखवतायत. स्वल्पविरामासकट.

“ताई, हे तुम्ही स्वतः केलं?”

त्यांनी पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली.

“मॅडम, बाहेर नका सांगू कोणाले. स्वयंपाक मामंजी करतात.”

मामंजी म्हणजे सासरे. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून त्यांनी स्वयंपाकघर हातात घेतलं होतं. वैशालीताईंना याची लाज वाटत होती. सासऱ्याच्या हातचं आयतं खाते, असं नातेवाईक म्हणतील म्हणून त्या सगळीकडे ‘मीच करते’ म्हणायच्या. आणि मी? मी विचारलंच नव्हतं. बाई समोर बसली म्हणजे स्वयंपाक तीच करते, हे धरून चालले. माझ्या स्वतःच्या घरी वरणाला फोडणी माझा नवरा देतो.

“त्यांना घेऊन या,” मी म्हटलं. “आत्ता. आणि सानिकालाही.”

अर्ध्या तासात प्रशांतराव सानिकाला आणि आपल्या वडिलांना, आबाजींना, घेऊन आले आणि स्वतः बाहेर बाकावर बसले. आबाजी पंचाहत्तरीचे, ताठ, पांढरा शर्ट, खिशाला पेन. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्टँडवर कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागेल ते माइकवरून सांगायचे. आवाज अजून तसाच होता. खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू झाले.

“तो कागद तुमीच लिवला काय?”

“हो, आबाजी.”

“मले कोनं इचारलं?”

“कोणीच नाही. चुकलंच.”

ते जरा नरमले. मग मी त्यांना काल काय काय केलं ते विचारलं.

“पोहे केले, उपमा केला, थालीपीठ लावलं.”

“तिन्ही?”

“मंग? तुमीच तं लिवलं ना ‘किंवा’! सानिका म्हने पोहे, ओम म्हने उपमा, प्रशांतले थालीपीठ पाह्यजे. घरात पाच तोंडं, तं किंवा म्हणजे तिन्ही करा लागते. पहाटं चारपासून मी चुलीजवळ उभा राहून राहिलो. अन् वरतून आमचं नेहमीचं वरण-भाकर वेगळंच. ते का सोडतं मानूस?”

“मग एवढं सगळं संपतं?”

“अन्न वाया जात नाई आमच्या घरी,” आबाजी अभिमानानं म्हणाले. “प्रशांत संपवते.”

दाराबाहेर बाकावर ऐकत बसलेल्या प्रशांतरावांनी शर्ट पोटावरून खाली ओढला. ओमचं कोडंही तिथंच सुटलं. त्याच्या डब्यात पोळी, भाकरी, पालक, मटकी असं सगळं ठासून भरलेलं असायचं, मधली सुट्टी वीस मिनिटांची. पोरगं डबा उघडूनच दमायचं.

पण सानिकाचं काय? ती तर पालक खात होती, मटकी खात होती. गोळी घेत होती. मग लोह जात कुठं होतं?

“सानिका, गोळी कशासोबत घेतेस?”

“चहासोबत. पाण्यासंगं मळमळते.”

“दिवसातून चहा किती वेळा?”

तिनं आबाजींकडे पाहिलं. आबाजी म्हणाले, “पाच-सहा कप होत असन. दहावीचं वर्ष हाय, मॅडम. पोरगी डुलक्या घेते. तं मी चांगला कडक करून देतो. जेवन झालं की लगेच, सुस्ती नाई यावी म्हनून.”

मी सांगितलं, शक्य तेवढ्या हळू. चहातला एक घटक अन्नातलं लोह धरून ठेवतो, अंगाला लागू देत नाही. गोळीचंही तेच. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. गोळी पाण्यासोबत, नाहीतर लिंबू सरबतासोबत. लिंबानं उलट फायदा होतो. मळमळीचं डॉक्टर बघतील. आणि मुलीला झोप येते ती आळसानं नाही, रक्त कमी आहे म्हणून.

आबाजींचा माइकवरचा आवाज एकदम खाली आला. ते म्हणाले, “म्हणजे मीच पाजून राहिलो होतो.”

“आबाजी, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं,” सानिका म्हणाली आणि तिनं त्यांचा हात धरला. वैशालीताई खिडकीबाहेर बघत होत्या. मीही टेबलावरचे कागद उगाच सरळ केले.

“नवा चार्ट देते,” मी म्हटलं.

“नोको,” आबाजी उठले. “तुमी फक्त काय पाह्यजे अन् काय नोको ते सांगा. टाइमटेबल मी लावतो. जिंदगी गेली त्याच्यात.”

पुढच्या फेरीला त्यांनी वहीचा कागद आणला. फुटपट्टीनं रेघा मारलेला. मी आजवर पाहिलेला सर्वांत चांगला आहार-आराखडा तोच. ५.३० सानिका, दूध-लाडू, विनाथांबा. ६.४५ ओम, एकच भाजी, एकच पोळी. परीक्षेच्या काळात ‘जादा’ म्हणून चारचं लिंबू सरबत आणि फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे. रोज एकच न्याहारी, ज्याला नको त्यानं उद्याच्या न्याहारीची वाट पाहावी. प्रशांतरावांच्या दुसऱ्या वाढणीपुढे आणि सानिकाच्या चहापुढे लाल शाईनं लिहिलं होतं, ‘फेरी रद्द’. किंवा हा शब्द कागदावर कुठंच नव्हता.

“पण रविवारी काय?” मी विचारलं.

“रविवारी प्रशांत करते स्वयंपाक. त्याच्या हातचं असलं की आपोआपच लगाम बसते सगळ्याइच्या खाण्याले.”

दोन महिन्यांनी सानिकाचं हिमोग्लोबिन अकरा पॉइंट दोन झालं. सरांनी तिला टीममध्ये घेतलं. जिल्ह्याच्या सामन्यात त्यांची शाळा दुसऱ्याच फेरीत हरली, पण सानिका शेवटपर्यंत पळाली आणि पडली नाही. प्रशांतरावांचे दोन किलो उतरले. उरलेल्या एका किलोबद्दल ते मला टाळतात. आणि वैशालीताई आता बँकेत डबा उघडताना, कोणी भाजीचं कौतुक केलं की सरळ सांगतात, सासऱ्यांनी केली आहे. दोघीतिघींनी त्यांच्याकडून आबाजींचा नंबरही घेतलाय.

तेव्हापासून मी नवीन पेशंटला वजन-उंचीच्या आधी एकच विचारते, तुमच्या घरी सकाळी गॅस कोण पेटवतं? परवा एक मोठे साहेब आले होते. ते म्हणाले, “आमची स्वयंपाकाची बाई.” मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, पुढच्या वेळी त्यांना पाठवा. तुम्ही नाही आलात तरी चालेल.