वाकळीवरचा कागद

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला अजून पेपरातला तो फोटो दिसतो. माझे मालक पोलिसात होते. ते वारल्यावर मला लातूरच्या ठाण्यात चतुर्थ श्रेणीत घेतलं. निवृत्तही तिथूनच झाले.

एका पुढाऱ्यावरचा गोपनीय चौकशी अहवाल फुटला आणि त्याच्या पानाचा फोटो पेपरात छापून आला. सरकारनं नांदेडहून विशेष वकील नेमले. त्यांनी बातमी देणाऱ्या पत्रकाराला कोठडीत टाकायला लावलं. तो एकच बोलायचा, "काही करा, अहवाल देणाऱ्याचं नाव सांगणार न्हाई." लोक म्हणायचे, वकिलानं कोर्टात बोलावं, हा तर फौजदारच होऊन बसला.

वकीलसाहेब तो फोटो समोर घेऊन बसायचे. एकदा म्हणाले, "आपण नुसता कागद वाचून राहिलो. कागदाखाली काय हाय ते बघा की."

खाली वाकळ होती, जुन्या लुगड्यांची शिवलेली. हिरव्यावर लाल ठिगळ.

मग तो अहवाल जिथं तयार झाला, त्या चौकशी कार्यालयातल्या कारकुनांच्या घरी ते स्वतः फिरले. घरात बायामाणसं असतात, म्हणून मला सोबत नेलं. चाकूरला एका कारकुनाची म्हातारी आई एकटीच होती. फोटो बघून ती हरखली.

"आगं बया, माझी वाकळ पेपरात! ते लाल ठिगळ माझ्या सासूच्या लुगड्याचं हाय."

"मावशी, तिच्यावर कागद कुणी ठेवला?"

"लेकानं. दुसरं कोन हाय घरात?" बोलली आणि तिचा चेहरा उतरला. "साहेब, म्या लेकाला बुडवलं का हो?"

सोबत आलेला आमचा जमादार जबाब लिहायला बसलाच होता. वकीलसाहेबांनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"लेकाविरुद्ध आईचा जबाब मला नको. मावशी, लेकाला एवढंच सांगा, त्याच्यापायी एक माणूस कोठडीत हाय."

दुसऱ्या दिवशी लेक कपड्यांची पिशवी घेऊन आपणहून ठाण्यात आला. पुढं त्याची नोकरी गेली.

पत्रकार सुटला. जाताना म्हणाला, "वकीलसाहेब, नाव म्या सांगितलं न्हाई, ध्यानात ठेवा."

"ठेवतो. तुम्हाला कोंडलं, ते माझं जास्तीचं झालं." सगळ्या ठाण्यादेखत बोलले.

वकीलसाहेब आपल्या हद्दीबाहेर गेले का? पत्रकाराच्या बाबतीत गेले, असं मलाही वाटतं. पण मोठ्या साहेबानं चूक कबूल केलेली मी इतक्या नोकरीत तेव्हाच पाहिली. आणि म्हातारीच्या घरात ते जबाब न घेता थांबले, तेव्हा त्यांना अडवणारं तिथं कोणीच नव्हतं.