गंध लावलेली हार्ड डिस्क

बाळांनो, दसऱ्याची हकिगत तुमच्या बाबांनी सांगितली असेलच. पण त्यांनी ती फोनवरून पाहिली, आणि अर्धा वेळ मी फोन टेबलावर पालथा टाकला होता. म्हणून मीच लिहिते. आत्ताच लिहिते, कारण ती टकटक अजून कानात आहे. आणखी महिनाभराने मी सगळं नीट घडी घालून सांगेन, आणि ते तसं घडलं नव्हतं.

खांदेश्वरच्या घरात कोपऱ्यात चादरीखाली झाकलेला जुना कॉम्प्युटर तुम्ही पाहिला आहे. तुम्हाला तो मायक्रोवेव्ह वाटला होता. आजोबा न्हावा शेवा बंदरात कस्टममधून माल सोडवण्याचं काम करत, तेव्हा घेतलेला. त्याच्यावर मी तुमच्या पणजीचे धवले टाइप केले. पणजी उरणकडच्या गावात धवलारीण होती; आगरी लग्नातला प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर चालायचा. तिला लिहिता येत नव्हतं. दुपारी ती माझ्या खुर्चीपाशी जमिनीवर बसून सांगायची आणि पडद्याकडे संशयाने बघायची.

"पानी लिवलंस ना? का तुज्या म्हायेरचं पाणी?"

छापलेली एकच प्रत एका लग्नघरी गेली, ती परत आली नाही. एक फाइल नव्या लॅपटॉपवर आणून पाहिली, तर अक्षरांच्या जागी नुसत्या भलत्याच खुणा. तेव्हाचा फॉन्ट आणि टाइप करायचा प्रोग्रॅम त्या जुन्या यंत्रातच चालतो. त्याच्या पाठीला खोचलेलं काडेपेटीएवढं एक कुलूप नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नाही. म्हणजे धवले वाचायचे तर ते यंत्र चालायला हवं. आणि यंत्राची हार्ड डिस्क म्हातारी झालेली.

बाबांनी उपाय सांगितला होता. फाइली एकेक उचलायच्या नाहीत. डिस्कवर जे जसं आहे ते सगळं, रिकाम्या जागेसकट, एका मोठ्या फाइलीत उतरवायचं. तिला इमेज म्हणतात. ती इमेज कॅमेऱ्यात घालतात तसल्या एसडी कार्डावर चढवायची आणि डिस्कच्या जागी एका छोट्या पट्टीवर ते कार्ड बसवायचं. यंत्राला वाटतं, आपली डिस्कच आहे. सगळं सामान त्यांनी पाठवलंही होतं. मी ते चिठ्ठी लावून खणात ठेवलं होतं. दिवाळीनंतर निवांत करू म्हणून.

खंडेनवमीला आजोबा दरवर्षी ते यंत्र पूजतात. झाकण काढून धूळ पुसायची, हार्ड डिस्कला गंधाचं बोट लावायचं, वर झेंडूचा हार, आणि मग एकदा चालू करून बघायचं. या वर्षी चालू केलं आणि आतून आवाज आला. टक. टक. टक. पडदा काळाच राहिला.

मी बाबांना फोन लावला. "आई, आधी बंद कर," ते म्हणाले. "आता चालू करशील ते थेट कॉपी करायलाच."

बंद केलं आणि मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. आजोबा आडवे उभे.

"आज हात लावाचा नाय. पुजलेलं हत्यार हाय. उद्या."

"उद्या सुरू झालंच नाही तर? आईंचेच धवले आहेत त्यात!"

"म्हनूनच," ते म्हणाले.

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण मला बसवेना. डबे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. खालच्या बाकावर जाऊन बसले, आणि सोसायटीतल्या बायकांचं बोलणं अर्धवट टाकून परत वर आले. हार घातलेलं ते यंत्र जागच्या जागी होतं. माझ्याच घरात त्याला हात लावायची मला चोरी.

दसऱ्याला सकाळी आजोबांनी अक्षता टाकून हार उतरवला. मी डिस्क बाहेर काढली. तिच्यावर गंधाचे थरावर थर चढले होते. ओल्या फडक्याने पुसले तेव्हा खाली एक बारीक भोक दिसलं, आणि शेजारी छापलेली सूचना: हे भोक झाकू नये.

फोनवर तुमचे बाबा हसायलाच लागले, आजोबांना म्हणाले, "आतली हवा त्यातून खेळते. बाबा, तुम्ही दरवर्षी तिचं नाक बुजवत होतात!"

"नाक? मला वाटलं कपाळ हाय."

गंधानेच बिघडली असं नाही, वय झालं होतं, असं बाबा मागाहून म्हणाले. आजोबांनी मात्र दिवसभर चहा घेतला नाही.

डिस्क लॅपटॉपला जोडली. "कॉपी कुठून आणि कुठे, ते दोनदा वाच; उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल," बाबांनी बजावलं. मी तीनदा वाचलं. प्रोग्रॅम आधी धड जागा वाचतो, अडलेल्या सोडून पुढे जातो आणि मग त्यांच्याकडे परत येतो. किती उतरलं त्याचा आकडा सरके, थांबे. टकटक वाढली की आजोबा गॅलरीत जात, थांबली की घाबरून आत येत. तेव्हाच मी फोन पालथा टाकला, बाबांचं "झालं का?" ऐकवेना. अडलेल्या जागांची पाळी आली, थोड्या वाचल्या गेल्या, आणि डिस्क एकदा घरघरून गप्प झाली. पुन्हा फिरलीच नाही.

मिळालं तेवढं कार्डावर चढवलं. कार्ड यंत्रात बसवलं, तर पडद्यावर आलं: डिस्क नाही. पट्टीवर पिनांच्या जोड्या असतात; त्यांच्यावर बसणारी एक इवलीशी टोपी चुकीच्या जोडीवर होती. आजोबांनी ती माझ्या भुवयांच्या चिमट्याने उचलून हलवली. यंत्र सुरू झालं, आवाज न करता. इतकं गप्प की आजोबांनी त्याला कान लावला.

प्रोग्रॅम उघडला. मी एकेक फाइल उघडत गेले. आजोबा पाठीशी उभे राहून ओठातल्या ओठात वाचत होते.

हळदीचे धवले आहेत. मांडवाचे आहेत. लग्न लागतानाचे सगळे आहेत. पाठवणीच्या धवल्याच्या पहिल्या चार ओळी आहेत, पुढचं नाही.