रविवारचा बिबा

"मंग मी का खोटं बोललो? भाजला नाही का तुया हात मशीननं?" गोपीचंदनं बायकोला पुन्हा तेच विचारलं.

रंभाबाई नागपूरहून तुमसरमार्गे नुकतीच एसटीनं आली होती आणि तांब्यातलं पाणी अजून तिच्या तोंडाला लागलं नव्हतं. ती घराजवळ आली तेव्हा दारापुढच्या सपरीत शेजारची आनंदाबाई पाय लांब करून बसलेली होती. तिच्या घोट्याजवळ जांभळट गाठ होती, दुखत नव्हती, पण वाढत होती. रंभाबाई पायरी चढते न चढते तोच नवऱ्यानं तिच्या हातावरचा पदर बाजूला केला. पाहून घे, म्हणाला, दवाखान्याचं काम असं असते. काळी पडलेली, सोललेली कातडी पाहून आनंदाबाई गारठली. दवाखाना नको, सकाळी बिबा लावून घ्यायला उपाशीपोटी येते, असं सांगून निघून गेली. आणि मग घरात तोंडं सुटली.

आंबागडात रविवारी गोपीचंदकडे बिबा लावून घ्यायला माणसं येत. गुडघे, कंबर, जुनी सूज, न बसणारी गाठ. तो पणतीवर बिबा तापवायचा आणि सुईच्या टोकावर आलेलं काळं तेल नेमकं टेकवायचा. पणती लावायची रंभाबाईनं, रोग्याचा हात धरायचा रंभाबाईनं आणि बिबा उतला, फोड आले, तर खोबऱ्याचं तेल लावत दोन दिवस शिव्या खायच्या, त्याही तिनंच. लग्न झाल्यापासून तिचा रविवार असाच जात आला होता.

तिच्या स्वतःच्या हातावर गाठ आली तेव्हा वेगळं काही करायचं कोणाच्या मनातही आलं नाही. त्यानं बिबा लावला. खपली धरली. खपली पडेल म्हणून घर वाट पाहत राहिलं आणि खपलीखाली गाठ आपल्या कामाला लागली. खपली पडली, गाठ होतीच. त्यानं पुन्हा लावला. काखेत दुसरी गाठ हाताला लागली तेव्हा मुलगा धर्मेंद्र तिला नागपूरला घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कातडीचा कॅन्सर आहे, लाखात एखाद्याला होतो असा. ही गाठ दुखत नाही, म्हणूनच लोक उशिरा येतात. मग त्यांनी हातावरचा जुना डाग पाहून विचारलं, हे कशानं भाजलं? रंभाबाई म्हणाली, भात पसवताना गरम पेज सांडली. धर्मेंद्र खिडकीबाहेर पाहत राहिला. गोपीचंदनं गावात एवढंच सांगितलं, आमच्या घरी लाखात एक बिमारी निघाली. जसं काही बक्षीस लागलं होतं.

ऑपरेशन झालं. नंतर रेडिएशनचे शेक सुरू झाले. हातावर आणि काखेत जांभळ्या शाईच्या रेघा, त्या पुसायच्या नाहीत, म्हणून साबण बंद. मशीनखाली एकटीनं पडायचं, हलायचं नाही. आठवडाभर धर्मशाळेत राहायचं, शनिवारी घरी यायचं. मधूनमधून दुसऱ्या हातात किमोची सलाईन. त्यानं केस गेले, तोंडाची चव गेली, वरणभातालाही लोखंडाचा वास येऊ लागला. सून साधनानं तिचा गिलास खिडकीत वेगळा ठेवला. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय, असं रंभाबाईनं म्हटल्यावर साधना म्हणाली होती, मालूम आहे मले, तरी पण.

तेही रंभाबाईनं गिळलं होतं. पण आज आपला हात आपल्याच दारात दुकानाच्या पाटीसारखा लावलेला तिनं पाहिला.

"थे बी जाळतात, मी बी जाळतो," गोपीचंद म्हणत होता. "फरक का हाय? माया बिबा तं फुकटचा हाय."

धर्मेंद्र आईला म्हणाला, जाऊ दे ना, लोकाचं लोक पाहून घेतील. बाबाले या वयात काय शिकवतं? त्यापेक्षा तू दोन घास खाऊन झोप.

"तुले मालूम होतं," रंभाबाई त्याला म्हणाली. "मी पेज सांगितली, तवा तू खिडकीतून का पाहून राहिला होता?"

गोपीचंद हसला. म्हणाला, सलाईन पिऊन पिऊन बायको डोक्यानं गेली. सकाळी पणती लावायच्या वेळेला येईल ठिकाणावर.

रंभाबाई उठली. खिडकीतला आपला गिलास तिनं काढला आणि सगळ्यांच्या भांड्यांत, रांजणाजवळ नेऊन ठेवला. साधना पाहत राहिली, पण तिनं तो उचलला नाही. मग रंभाबाईनं कोनाड्यातली पणती आणि बिब्यांची डबी घेतली आणि आपल्या नागपूरच्या पिशवीत टाकली.

"अवो, थे कायले घेतलं?" गोपीचंद पहिल्यांदा उभा राहिला.

"डॉक्टरीणबाईले दाखवाले," ती म्हणाली. "उद्या पणती लागणार नाही. सपरीत मी बसीन. हात दाखवाचाच हाय तं मीच दाखवीन, जो येईल त्याले, आन् पह्यले बिबा कोणं लावला थे बी सांगीन. सोमवारी आनंदाबाईले नागपूरले संगं नेईन. साधना, थ्या दिवशी पहाटे दोघींचा डबा कर."